करंगळी कापली, पण रक्त आलं नाही

ग्रिम बंधूंच्या संग्रहात सात डोमकावळ्यांची एक गोष्ट आहे. शापानं डोमकावळे झालेल्या सात भावांना शोधत त्यांची धाकटी बहीण जगाच्या टोकापर्यंत जाते. भाऊ काचेच्या डोंगरात अडकलेत. डोंगराचं दार उघडायला पहाटेच्या चांदणीनं तिला हाडाचा एक तुकडा दिलेला असतो. दारापाशी येऊन ती पुरचुंडी सोडते, तर हाड हरवलेलं. मग ती सुरी काढते, स्वतःची करंगळी कापते, ती दारात घालते आणि दार उघडतं. लगेच एक बुटका पुढे येऊन तिची विचारपूस करतो. रक्त नाही, किंकाळी नाही, चिंधी बांधणं नाही. घरी परतल्यावर आईनंही बोटाबद्दल विचारलेलं नाही.

स्विस अभ्यासक माक्स ल्यूटी यांनी १९४७ साली युरोपातल्या लोककथांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. लोककथेतली माणसं कागदातून कापलेल्या आकृत्यांसारखी सपाट असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या शरीराला खोली नसते आणि मनालाही. हात तुटतो, पण दुखत नाही. लांडगा बोलायला लागला तरी कोणी दचकत नाही. ल्यूटींच्या लेखी हा दोष नव्हताच. या सपाटपणामुळेच गोष्ट वेगानं पळते आणि पोरांना ती ऐकून नीट झोप लागते.

आता प्रश्न असा, की याच करंगळीतून रक्त आलं तर काय होईल? गेल्या पन्नासेक वर्षांत परीकथांच्या आधारानं लिहिलेल्या ज्या काळ्या आणि तरीही हसवणाऱ्या कादंबऱ्या मोठ्या माणसांनी डोक्यावर घेतल्या, त्यांचं सगळं बळ मला या एका प्रश्नात दिसतं.

या कादंबऱ्यांच्या लोकप्रियतेचं नेहमीचं स्पष्टीकरण वेगळं असतं. मूळ परीकथा भयानकच होत्या, डिस्नेनं त्या गुळचट केल्या आणि आजच्या लेखकांनी त्यांना त्यांचा अंधार परत दिला, असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. ग्रिमच्या संग्रहाचा पहिला खंड डिसेंबर १८१२ मध्ये आला आणि मोठी शेवटची आवृत्ती १८५७ मध्ये. मधल्या पंचेचाळीस वर्षांत धाकट्या विल्हेल्मनं गोष्टींवरून बराच हात फिरवला. पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेल भाबडेपणानं विचारते की माझे कपडे अंगाला इतके घट्ट का होऊ लागलेत, आणि राजपुत्राच्या भेटींचं बिंग फुटतं. पुढे तो प्रश्नच बदलला. स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली राणी आधी तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल-ग्रेटेलच्या आईचंही नंतर तेच झालं. मुलं खाटीकखाटीक खेळता खेळता एकाचा जीव घेतात, ती गोष्ट दुसऱ्या आवृत्तीतून काढूनच टाकली.

म्हणजे शृंगार गेला, आईची अब्रू राखली गेली. पण क्रौर्य? ते जागेवरच राहिलं, काही ठिकाणी वाढलंसुद्धा. सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, तो शेवट १८१२ मध्ये नव्हताच. तो १८१९ मध्ये आला. स्नो व्हाइटच्या लग्नात राणीला तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात, तो प्रसंग शेवटपर्यंत टिकला. एकोणिसाव्या शतकातल्या सभ्य जर्मन घरांना मुलीच्या गरोदरपणाची लाज वाटत होती, भाजलेल्या पायांची नव्हे. १९३७ च्या डिस्नेपटात राणी कड्यावरून पडून मरते. जोडे गेले ते तेव्हा.

हसूही नवं नाही. नेपल्सच्या जाम्बातिस्ता बाझीलेचा कथासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्याची सुरुवातच न हसणाऱ्या राजकन्येपासून होते. तिला हसवायला राजा वाड्यासमोर तेलाचं कारंजं बांधतो, येणारे-जाणारे घसरून पडतील या हिशेबानं. एक म्हातारी ते तेल बरणीत भरत असते. एक उनाड पोरगा दगड मारून बरणी फोडतो, म्हातारी त्याला शिव्यांची लाखोली वाहते आणि शेवटी घागरा वर करून दाखवते. राजकन्या खदखदून हसते. म्हातारी तिला शाप देते आणि तिथून पन्नास गोष्टींचं रामायण सुरू होतं. त्याच संग्रहातली सिंड्रेला पेटीच्या झाकणानं पहिल्या सावत्र आईची मान मोडते. सारांश, अंधार जुना आणि विनोदही जुना. मग आजच्या लेखकांनी नवं काय आणलं?

त्यांनी दुखणं आणलं.

याचा सर्वांत चांगला नमुना म्हणून मी टी. किंगफिशरचं ‘नेटल अँड बोन’ पुढे करीन. टी. किंगफिशर हे अमेरिकन लेखिका उर्सुला व्हर्नन यांचं मोठ्यांसाठीच्या पुस्तकांवरचं नाव. मुलांसाठी त्या स्वतःच्या नावानं लिहितात. २०२२ मध्ये आलेल्या या कादंबरीला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला. नायिका मारा ही एका चिमुकल्या राज्यातली तिसरी राजकन्या, वय तीस, मुक्काम जोगिणींच्या मठात. थोरल्या बहिणीचं लग्न शेजारच्या बलाढ्य राज्याच्या राजपुत्राशी झालं आणि ती मेली. मग त्याच राजपुत्राला मधली बहीण दिली. मधलीच्या अंगावरचे वळ माराला उशिरा दिसतात. ती सतत गरोदर का राहते, हे कळायला तर आणखी वेळ लागतो: पोटात वारस असण्याची शक्यता आहे तोवर नवरा हात उगारत नाही. राजपुत्राला मारायचं ठरवून मारा एका जाणत्या बाईकडे जाते. ही बाई कबरस्तान सांभाळते आणि मेलेल्यांशी बोलते. परीकथेच्या रिवाजाप्रमाणे ती तीन अशक्य कामं सांगते: खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या चिडव्या झाडाच्या धाग्यांचा झगा, हाडांचा जिवंत कुत्रा, मातीच्या बरणीत पकडलेलं चांदणं.

लोककथेत ही कामं एका परिच्छेदात उरकतात. किंगफिशर माराच्या बोटांजवळ थांबते. ती बोटं सुजतात, बधिर होतात, तारांनी कापली जातात. हान्स अँडरसननं १८३८ मधल्या रानहंसांच्या गोष्टीत नायिकेच्या हातांना असे फोड आणले होते खरे, पण अँडरसन लोककथा गोळा करणारा नव्हता. तो लेखक होता, आणि दुखणं हे लेखकाचंच काम. माराच्या हातांनंतर वाचक त्या मधल्या बहिणीच्या अंगाकडेही वेगळ्या नजरेनं पाहू लागतो. ‘राजपुत्राशी तिचं लग्न झालं आणि’ या वाक्याच्या पुढे त्या बाईचं रोजचं काय होत असेल, हे परीकथा सांगत नाही. ही कादंबरी तेवढंच सांगते.

नुसतं एवढंच असतं, तर पुस्तक वाचवलं नसतं. पण त्या कबरस्तानातल्या बाईच्या काठीवर एक कोंबडी बसलेली असते आणि त्या कोंबडीत भूत शिरलंय. बाई हे तितक्याच सहजपणे सांगते, जितक्या सहजपणे आपण ‘हिला जरा सर्दी झालीय’ म्हणू. पुढे मंडळीत एक परीमाता सामील होते. तिला बाळांना निरोगी राहण्याचा आशीर्वाद तेवढा धड देता येतो, तिचा खरा हात बसलाय तो शापांवर, आणि त्याचा तिला संकोच वाटतो. राजपुत्राचा खून करायला निघालेली ही टोळी म्हणजे दोन म्हाताऱ्या, एक अर्धी जोगीण, एक पश्चात्तापदग्ध सरदार, एक हाडांचा कुत्रा आणि ती कोंबडी. हसू येतंच. आणि ते भीतीला विरघळवत नाही, शेजारी बसून राहतं.

असं का होतं, याचं एक उत्तर फ्रॉइडकडे आहे. त्याचा आवडता विनोद फाशीच्या कैद्याचा: सोमवारी सकाळी वधस्तंभाकडे नेत असताना कैदी म्हणतो, वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली! १९०५ च्या पुस्तकात त्यानं हा विनोद घेतला आणि १९२७ च्या एका छोट्या निबंधात त्याकडे पुन्हा वळला. तिथे त्याचं म्हणणं असं, की अशा विनोदात मनाचा वडीलधारा भाग घाबरलेल्या भागाशी बोलतो: हे बघ, तू ज्याला इतका भितोस ते एवढंसंच आहे. ‘नेटल अँड बोन’मधल्या म्हाताऱ्या हेच करतात. या प्रकारच्या कादंबऱ्यांत पन्नाशी-साठीच्या बायका इतक्या का असतात, हे कोडं मला या निबंधानं सुटल्यासारखं वाटतं. ज्या बाईनं मेलेल्यांना आंघोळ घातलीय, बाळंतपणं केलीयत, तिच्या तोंडी कोरडा विनोद शोभतो. अठरा वर्षांच्या वीरानं तोच विनोद केला तर तो आगाऊपणा वाटतो. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकन संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेला सिद्धान्तही इथे लागू पडतो: काहीतरी बिघडलंय, पण त्यानं आपला घात होणार नाही, या दोन जाणिवा एकाच वेळी झाल्या की माणूस हसतो. भूत शिरलेल्या कोंबडीचं अगदी तसंच आहे. परीकथेचा साचा वाचकाला अभय देतो आणि माणसाचं दुखणं तो साचा बिघडवतं.

या वाटेवरचा वडीलधारा मात्र किंगफिशर नव्हे, टेरी प्रॅचेट. १९४८ ते २०१५ एवढं आयुष्य लाभलेल्या या इंग्रज लेखकाच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत एक्केचाळीस कादंबऱ्या आहेत. १९९१ ची ‘विचेस अब्रॉड’ ही त्यातली बारावी. कल्पना अशी, की गोष्टींना स्वतःचा रेटा असतो. त्या माणसांना आपल्या वळणावर ओढून नेतात. लिलिथ नावाची एक परीमाता हा रेटा वापरून आख्ख्या शहरावर राज्य करते. तिच्या शहरात प्रत्येकानं गोष्टीतल्यासारखंच वागायचं. खेळणी बनवणाऱ्याचे गाल लाल नसतील, तो शीळ घालत नसेल, पोरांना गोष्टी सांगत नसेल, तर तो गुन्हेगार. तिथल्या सिंड्रेलाला राजपुत्राशी लग्न करायचं नाहीये, आणि तो राजपुत्र मुळात बेडूक आहे. हे लग्न मोडायला तीन चेटकिणी निघतात. त्यांच्यातल्या सर्वांत धाकटीला वारशानं जादूची कांडी मिळालीय, पण तिनं काहीही करायला घेतलं तरी भोपळाच होतो.

वाचणारा पोट धरून हसत असतो आणि मध्येच लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतला लांडगा येतो. लिलिथनं त्याच्या डोक्यात भरवलंय की तू माणूस आहेस. त्यामुळे आता तो ना धड लांडगा राहिलाय ना माणूस झालाय. त्याला कपडे घालायचेत, दोन पायांवर चालायचंय, आणि हाडं साथ देत नाहीत. उपाशी आहे, पण लांडग्यासारखी शिकार करता येत नाही. तो चेटकिणीजवळ मरण मागतो. थोरली चेटकीण, ग्रॅनी वेदरवॅक्स, लाकूडतोड्याला बोलावते. मूळ गोष्टीत लाकूडतोड्याची कुऱ्हाड हा सुखाचा क्षण असतो, इथेही कुऱ्हाडच पडते, पण वाचकाच्या घशाशी काहीतरी येतं. लांडग्याला गोष्टीत ‘दुष्ट लांडगा’ कोणी केलं, असं यापूर्वी आपल्याला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. प्रॅचेटनं तत्त्वज्ञान सांगायला भाषण लिहिलं नाही, दोन-तीन पानांचा हा प्रसंग लिहिला. या प्रकारातलं यापेक्षा चांगलं काही मी वाचलेलं नाही.

पोलंडच्या आंद्रेई सापकोव्स्कीनं तिसरंच टोक पकडलं. १९८६ मध्ये ‘फान्तास्तिका’ मासिकाच्या कथास्पर्धेत त्याच्या ‘विचर’ या कथेला तिसरा क्रमांक मिळाला. त्यावरून पुढे पुस्तकं, व्हिडिओ गेम, मालिका, सगळं झालं. त्याचा नायक राक्षस मारतो तो मजुरी ठरवून. अर्धं राज्य आणि राजकन्या वगैरे त्याला नको असतं. रोख किती मिळतील ते बोला. त्याच्या एका कथेत रानात सोडलेली राजकन्या सात बुटक्यांबरोबर राहते, पण घर झाडत नाही, वाटमारी करते. तिला मारल्यावर नायकाच्या वाट्याला येतात ते गावकऱ्यांचे दगड. इथलं हसू कडवट आहे. पगार आणि रांगा यांच्या भाषेत बोलणाऱ्या त्या काळच्या पोलंडमध्ये ते वाचकांना लगेच ओळखीचं वाटलं असणार.

मराठी घरात वाढलेल्याला हा सगळा मामला परका वाटू नये. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी आपली म्हातारी जाताना वाघाशी काय बोलते? आत्ता मी हाडकुळी आहे, लेकीकडे तूप-साखर खाऊन जाड होते, मग मला खा. मरणाच्या तोंडात उभं राहून केलेला हा सौदा फ्रॉइडच्या कैद्याला लाजवेल. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो कुडकुडत चिऊच्या दाराशी उभा राहतो, आणि चिऊ बाळाची आंघोळ, काजळ, टीट करत त्याला ताटकळत ठेवते. काही घरांत तर शेवटी त्याला तापलेल्या तव्यावर बसवतात. आपण यावर टाळ्या पिटल्या आहेत. काऊला किती भाजलं, हे आपणही विचारलेलं नाही; ल्यूटींचा नियम इथेही चुकत नाही. श्रावणातल्या कहाण्यांमधली नावडती राणी घ्या. तिला गोठ्याशेजारी टाकतात, कोंडा खायला देतात, आणि देवाच्या कृपेनं ती एक दिवस आवडती होते. मधली वर्षं तिनं कशी काढली आणि मनातल्या मनात राजाला काय काय नावं ठेवली, यावर कुणी तिच्याच तिखट जिभेनं तीनशे पानं लिहिली तर मी ती रांगेत उभा राहून घेईन.

आपल्याकडे रत्नाकर मतकरींनी एकाच हातानं मोठ्यांसाठी अंगावर काटा आणणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’. त्यातली चेटकीण पोरांना भीती दाखवता दाखवता हसवते. हे नाटक अलीकडे पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा वैभव मांगले यांची चिंची चेटकीण पाहायला मुलांइतकेच आईबापही उत्साहानं येत होते.

या प्रकाराची पडझडही सांगायला हवी. प्रॅचेट आणि किंगफिशर यांना मिळालेलं यश पाहून पुष्कळांनी नुसती साल उचलली. कोणी राजकन्येच्या हाती तलवार देतो, प्रत्येक संवादात एक टोमणा पेरतो आणि दर दहा पानांनी एक मुंडकं उडवतो. त्यातलं रक्त परीकथेतल्याइतकंच कोरडं असतं, कारण ज्याचं मुंडकं उडालं तो आपला कोणीही लागत नसतो. दुसरी चूक विडंबनाची. बाहेर उभं राहून गोष्टीला हसणं सोपं आहे. रोआल्ड डालनं १९८२ मध्ये आपल्या पद्यांत लाल टोपीवालीच्या हाती पिस्तूल देऊन ते झकास केलं, पण तो चार-पाच पानांचा खेळ होता. तेवढ्याच भांडवलावर चारशे पानं ओढली की दम लागतो. कादंबरीला गोष्टीच्या आत शिरावं लागतं, तिचे नियम खरे मानावे लागतात. अशक्य कामं तीनच असतात, शाप उलटा फिरवता येत नाही, दिलेला शब्द मोडता येत नाही. विनोद घडतो तो या नियमांत अडकलेल्या शहाण्या माणसांमुळे.

नियम खरे मानून काय साधतं, हे किंगफिशरच्या २०२४ च्या ‘अ सॉर्सरेस कम्स टू कॉल’मध्ये दिसतं. ग्रिमच्या हंस राखणाऱ्या मुलीच्या गोष्टीत फालादा नावाचा बोलणारा घोडा आहे. दासी राजकन्येची जागा बळकावते, साक्षीदार नको म्हणून घोड्याला मारवते, आणि वेशीवर टांगलेलं त्याचं मुंडकं रोज जाता-येता खऱ्या राजकन्येशी बोलतं. इमानाचं प्रतीकच ते. किंगफिशरनं बोलणारा घोडा ठेवला, नावही ठेवलं, आणि एकच गोष्ट उलटवली. तिच्या कादंबरीतल्या चौदा वर्षांच्या कॉर्डिलियाची आई जादूगार आहे. ती लेकीचं शरीर कळसूत्री बाहुलीसारखं चालवू शकते. घरात कुठलंही दार लावायची मुभा नाही. लेकीला एकटेपणा मिळतो तो फक्त फालादाच्या पाठीवर, म्हणून ती वर्षानुवर्षं मनातलं सगळं त्याला सांगत आलीय. आणि घोडा ते सगळं आईला सांगत आलाय. तिच्या मदतीला येते हेस्टर, एक्कावन्न वर्षांची, गुडघेदुखीनं बेजार, पत्ते खेळण्यात तरबेज बाई. मागाहून तो घोडा मुंडक्याविनाही परत येतो, आणि हेस्टरचा गुडघा त्या रात्रीसुद्धा दुखतच असतो.

ज्यांनी यातलं काहीच वाचलेलं नाही, त्यांनी सुरुवात ‘विचेस अब्रॉड’पासून करावी. मालिकेतलं बारावं पुस्तक म्हणून दचकू नये, आधीची अकरा न वाचल्यानं काही अडत नाही. इंग्रजी शब्दखेळ काही ठिकाणी डोक्यावरून जातील, ते जाऊ द्यावेत. ‘नेटल अँड बोन’ त्यानंतर. त्यातली पहिली काही पानं हाडांच्या खड्ड्यात बसून काढावी लागतात. तिथे पुस्तक मिटावंसं वाटलं, तर कोंबडी येईपर्यंत तरी धीर धरावा.